जुन्या गिटार-ध्वनिवर्धकांचे बदली भाग : एक साधनचिकित्सा

यंत्रांच्या इतिहासाकडे आपला अभ्यासक वळतो तो बहुधा शोधाच्या क्षणापुरता. यंत्र कोणी, कोठे व कोणत्या साली सिद्ध केले एवढे निश्चित झाले, म्हणजे पुढील हकीकत कारागिरांच्या स्वाधीन करून तो मोकळा होतो. वस्तुतः यंत्राच्या आयुष्याचा फार मोठा भाग दुरुस्तीत जातो, आणि दुरुस्तीचा प्रश्न म्हणजे मुख्यतः बदली भागाचा प्रश्न होय. मूळ भाग मिळत नाही, त्याच्या जागी दुसरा बसवावा लागतो. तो बसविताच यंत्राच्या गुणधर्मांत व पुराव्यातही फरक पडतो. या व्यवहाराचा अभ्यास करावयास विद्युत-गिटारीचे जुने ध्वनिवर्धक हे उदाहरण अत्यंत सोयीचे आहे. एक तर हे ध्वनिवर्धक साठ-सत्तर वर्षांचे झाले तरी वादक ते अद्याप वाजवितात. आणि दुसरे म्हणजे त्यांतील जवळजवळ प्रत्येक भागावर त्याच्या जन्माची काही ना काही खूण उमटविलेली असते.

प्रथम यंत्राची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. गिटारीच्या तारांखालील चुंबकीय ग्राहकातून निघणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण असतो. तो निर्वात नलिकांच्या, म्हणजे बाजारात ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात त्यांच्या, साहाय्याने टप्प्याटप्प्याने वाढविला जातो. पहिल्या लहान नलिका विद्युद्दाब वाढवितात. शेवटच्या मोठ्या नलिका शक्ती पुरवितात. आणि निर्गम-ट्रान्सफॉर्मर ती शक्ती कर्ण्याला सोसेल अशा रूपात आणून देतो. या सर्वांना लागणारा चारशे व्होल्टांच्या आसपासचा एकदिश दाब भिंतीतील विजेपासून तयार करण्यासाठी दुसरा एक ट्रान्सफॉर्मर, एक एकदिशकारक नलिका आणि काही मोठे कंडेन्सर असतात. रेडिओ-संच व सभांचे ध्वनिक्षेपक यांची रचनाही तत्त्वतः हीच. फरक एवढाच की, रेडिओत आवाज फाटला तर तो दोष ठरतो, गिटारीच्या ध्वनिवर्धकात तोच गुण ठरला. नलिकांवर त्यांच्या शक्तीबाहेर भार टाकला असता ध्वनीला जो एक खरखरीत गोडवा येतो, तो वादकांना इतका प्रिय झाला की, अन्य क्षेत्रांतून नलिका हद्दपार झाल्यावरही येथे त्या टिकून राहिल्या. बदली भागांचा सारा पेच या एका आवडीतून उद्भवलेला आहे.

आता ज्या उदाहरणावर प्रस्तुत विवेचन मुख्यतः उभे आहे, त्याकडे वळू. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांचे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते. म्हणजे या धंद्याचा मूळ पुरुषच दुरुस्ती करणारा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या कंपनीने काढलेल्या ‘बेसमन’ या ध्वनिवर्धकाची १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरची आवृत्ती विशेष प्रसिद्ध आहे. तिच्यात ५८८१ जातीच्या दोन शक्तिनलिका, आरंभी १२ एवाय ७ ही लहान नलिका व दहा इंची चार जेन्सन कर्णे असत. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम व इतर वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल यांच्याकडे केन ब्रॅन व डडली क्रेव्हन या दोघांनी याच बेसमनच्या आराखड्यावरून एक ध्वनिवर्धक बांधला. तो जेटीएम ४५. आराखडा जवळजवळ जशाचा तसाच घेतला होता. परंतु लंडनमध्ये अमेरिकन भाग महाग व दुर्मिळ. तेव्हा ट्रान्सफॉर्मर ‘रेडिओस्पेअर्स’ या सुट्या भागांच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या मालातून घेतले. १२ एवाय ७ च्या जागी ब्रिटनमध्ये सहज मिळणारी ईसीसी ८३ बसविली. पहिल्या काही नगांनंतर ५८८१ च्या जागी केटी ६६ ही इंग्लंडातच तयार होणारी नलिका आली. आणि जेन्सनचे दहा इंची कर्णे सोडून सेलेस्टियनचे बारा इंची चार कर्णे बंद पेटीत बसविण्यात आले.

यांपैकी एकही बदल स्वतंत्र कल्पनेच्या आवेशात केलेला दिसत नाही. पेठेत जे मिळाले ते घेतले, एवढेच. पण परिणाम पाहा. १२ एवाय ७ चा वर्धनांक चाळीसच्या थोडा वर, तर ईसीसी ८३ चा शंभर. म्हणजे पहिल्याच टप्प्यावर ध्वनी दुपटीहून अधिक जोराने पुढे ढकलला जाऊ लागला आणि पुढील नलिका लवकर फाटू लागल्या. मोठे कर्णे व बंद पेटी यांनी त्यात खर्जाचा भरणा केला. ज्याला पुढे जग ‘मार्शलचा आवाज’ म्हणून ओळखू लागले, त्याचा उगम असा बदली भागांत आहे. या ध्वनिवर्धकाला बेसमनची नक्कल म्हणणारे व स्वतंत्र निर्मिती म्हणणारे असे दोन पक्ष आहेत. माझ्या मते दोन्ही पक्षांचा प्रश्नच चुकतो. लिपिकाराने पोथी उतरून घेताना जवळच्या प्रतीतील पाठ घातला, आणि पुढील सर्व परंपरा त्या पाठावरून चालली, असे आपण हस्तलिखितांत वारंवार पाहतो. तेथे आपण मूळ लेखक कोण हा वाद घालीत बसत नाही. शाखा कोठे फुटली ते पाहतो.

शाखा येथेच थांबली नाही. १९६६-६७ च्या सुमारास केटी ६६ महाग पडू लागल्याने मार्शलने ईएल ३४ ही नलिका स्वीकारली, आणि आवाजाने पुन्हा एक वळण घेतले. पुढे अमेरिकेस पाठवावयाच्या मालात ईएल ३४ च्या ऐवजी ६५५० ही अधिक दणकट नलिका घालण्याचा प्रघात पडला. प्रवासात व वापरात ईएल ३४ निकामी होण्याच्या तक्रारी हे त्याचे कारण सांगितले जाते. १९९० नंतरच्या दशकात चांगल्या ईएल ३४ चा तुटवडा पडला, तेव्हा त्याच कंपनीच्या जेसीएम ९०० या ध्वनिवर्धकात रशियातून आलेल्या व ५८८१ असे नाव छापलेल्या नलिका दिसू लागल्या. बेसमनमधील नलिकेचे नाव तीस वर्षांनी अशा रीतीने परत आले. नाव तेच, वस्तू मात्र निराळी. ती मूळची ६पी३एस-ई या सोव्हिएत लष्करी उपयोगाच्या नलिकेची जात होती.

या नावांच्या प्रश्नाकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे, कारण बदली भाग शोधणाराची सर्वात मोठी फसगत येथेच होते. नलिकेच्या काचेवर रंगाने छापलेले नाव हा अगदी कच्चा पुरावा आहे. एक तर एकाच कारखान्यातून निघालेली नलिका अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकीत असत. दुसरे, तो रंग बोटाने पुसला जातो, आणि जो पुसता येतो तो पुन्हा छापताही येतो. फिलिप्स व तिच्या परिवारातील ब्रिटिश मुल्लार्ड यांच्या नलिकांवर मात्र छापील नावाखेरीज काचेच्या बुडाशी बारीक करड्या अक्षरांत दोन ओळींचा संकेत असतो. पहिल्या ओळीत नलिकेची जात व आवृत्ती. दुसऱ्या ओळीत कारखान्याचे चिन्ह, वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचे अक्षर आणि आठवडा. इंग्रजी बी हे अक्षर लँकेशायरमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्याचे. नावाचा रंग गेला तरी हा संकेत सहसा राहतो. छापील नाव व संकेत यांत विरोध आला तर संकेत मानावा, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा नियम आहे. नाण्यावरील नंतरच्या ठशापेक्षा त्याखालचा पहिला ठसा अधिक बोलतो, तसाच हा प्रकार.

अलीकडे यात आणखी एक गुंता झाला आहे. मुल्लार्ड, टंग-सोल यांसारखी बंद पडलेल्या उद्योगांची नावे आता दुसऱ्यांच्या मालकीची झाली असून ती रशियातील सारातोव्ह येथे बनणाऱ्या नव्या नलिकांवर उजळ माथ्याने छापली जातात. कायद्याने यात गैर काही नाही. परंतु पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ब्लॅकबर्नची व सारातोव्हची नलिका शेजारी ठेवील, तेव्हा एकाच नावावरून परंपरा अखंड होती असे अनुमान काढण्याचा मोह त्यास होईल. परंपरा अखंड नव्हती. अमेरिकेत आरसीएने १९७६ मध्ये नलिकांचे उत्पादन थांबविले. ब्रिटन व पश्चिम युरोपातील बहुतेक कारखाने पुढील दशकात बंद झाले. केटी ६६ बनविणारी एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीही १९८८ च्या पलीकडे हे काम करीत राहिली नाही. ट्रान्झिस्टरने रेडिओ व दूरचित्रवाणी यांतून नलिकांना घालविल्यावर केवळ गिटारवादकांच्या मागणीवर एवढे मोठे कारखाने चालणे शक्य नव्हते.

नलिका टिकल्या त्या पूर्व युरोपात, सोव्हिएत संघात व चीनमध्ये. तेथे लष्करी सामग्रीत त्यांचा वापर बराच काळ चालू होता. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्तोर बेलेंको हा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानातील हाकोदाते येथे उतरला, तेव्हा विमानातील उपकरणांत नलिका पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञांना मोठे नवल वाटले होते. त्याच उद्योगाचा माल पंधरा-वीस वर्षांनी पश्चिमेकडील गिटारवादकांच्या हाती आला. न्यूयॉर्कचे माइक मॅथ्यूज यांनी हा व्यापार उभारला आणि पुढे सारातोव्हचा कारखानाच ताब्यात घेतला. चेकोस्लोव्हाकियातील टेस्ला उद्योगाचा वारसा स्लोव्हाकियातील चाद्‌त्सा येथील जेजे या कंपनीने चालविला. चीनमध्ये चांगशा येथील शुगुआंग कारखान्याचे नाव झाले. शीतयुद्धाच्या एका बाजूने जपून ठेवलेले कौशल्य दुसऱ्या बाजूच्या करमणुकीच्या उपयोगी पडावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. परंतु पुरवठ्याची सारी भिस्त अशा थोड्या ठिकाणांवर राहिल्याचा परिणाम २०२२ च्या मार्च महिन्यात दिसला. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने अनेक वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली, तीत नलिकाही सापडल्या. बंदी थोड्याच काळात सैल झाली, तरी तेवढ्या अवधीत किमती भडकल्या व दुकानांतील साठे रिकामे झाले. त्यापाठोपाठ अमेरिकेने रशियन मालावर जबर आयातकर बसविला. साठ वर्षांपूर्वीच्या लंडनमधील अडचण निराळ्या वेषाने परत आली होती.

नलिकांविषयी इतके लिहिण्याचे कारण त्या सहज बदलता येतात. खोबणीतून काढल्या, दुसऱ्या बसविल्या. ट्रान्सफॉर्मर व कंडेन्सर यांची गोष्ट वेगळी. निर्गम-ट्रान्सफॉर्मर जळाला तर जुन्याच्या वेढ्यांची मोजणी करून, गाभ्याच्या पत्र्याची जात पाहून तो पुन्हा गुंडाळावा लागतो; असे करून देणारे व जुन्या नमुन्यांच्या हुबेहूब प्रती विकणारे कारखाने आज आहेत. कोळशाच्या भुकटीचे जुने रोधक दमट हवेत आपले मूल्य वाढवीत नेतात आणि सूंसूं आवाज करू लागतात. तरीही पुष्कळ जाणकार ते मर्यादेत असेतोपर्यंत काढीत नाहीत.

कंडेन्सरांच्या बाबतीत मात्र असे औदार्य परवडत नाही. दाब स्थिर करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो व भोवती ओलसर रासायनिक द्राव. काळाने द्राव सुकतो. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले तर थरही झिजतो. अशा ध्वनिवर्धकाला एकदम पूर्ण दाबाची वीज जोडली म्हणजे कंडेन्सर तापून फुटतो व जाताना बरोबर ट्रान्सफॉर्मरही नेतो. हळूहळू दाब चढवून थर पुन्हा जमविण्याची रीत आहे, पण ती तपासणीपुरती; भरवशाच्या वापरासाठी नवे कंडेन्सर घालणे हाच मार्ग. त्यातही अडचण अशी की, एकाच डब्यात तीन-चार कंडेन्सर असलेले जुने नमुने फार थोडे जण बनवितात. मग जुना डबा देखाव्यापुरता जागेवर ठेवून नवे कंडेन्सर खाली लपवून बसविण्यात येतात. हा प्रामाणिकपणा की फसवणूक? विकताना सांगितले तर पहिले, न सांगितले तर दुसरे.

आणि येथे केवळ आवाजाचा किंवा किमतीचा प्रश्न नाही. १९५० च्या दशकातील अनेक अमेरिकन ध्वनिवर्धकांना दोनच तारांची वीजदोरी असे, आणि वीजवाहिनी व धातूचा सांगाडा यांच्यामध्ये एक लहान कंडेन्सर असे. गुणगुण कमी करणे हा त्याचा हेतू. तो आतून जोडला गेला की सांगाड्यात, सांगाड्यातून गिटारीच्या तारांत आणि तारांतून वादकाच्या बोटांत वीज उतरण्याचा संभव. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्याला ‘मृत्यूचा कंडेन्सर’ असे नाव दिले आहे ते उगीच नव्हे. भू-जोडणीतील दोष किती घातक ठरतो हे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्सी येथे दिसले : ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे व्यासपीठावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. म्हणून जुनी दोरी काढून तिसऱ्या, भूमीशी जोडणाऱ्या तारेची दोरी बसविणे आणि तो कंडेन्सर तोडून टाकणे हे काम मूळपणाच्या कितीही कट्टर भोक्त्याने नाकारू नये. मूळ वस्तूविषयी मला ममत्व आहे. पण ते येथे संपते. आणखी एक गोष्ट. त्या काळी अमेरिकेत भिंतीतील दाब ११० ते ११७ व्होल्ट धरला जाई, आता तो १२० किंवा त्याहून थोडा अधिक असतो. म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून आतील सर्वच दाब काही टक्के चढे निघतात. जुन्या कंडेन्सरावर छापलेला दाबाचा आकडा उतरून घेऊन तेवढ्याच क्षमतेचा नवा बसविणारा कारागीर मूळाशी प्रामाणिक राहतो, पण यंत्राशी नाही.

पुराव्याच्या दृष्टीने सर्वात मोलाची माहिती मिळते ती भागांवरील संकेतांकांतून. अमेरिकन उत्पादकांत प्रत्येक कारखान्याला तीन अंकांची ओळख दिलेली असे : जेन्सनची २२०, सीटीएसची १३७, स्टॅकपोलची ३०४, शूमाकरची ६०६. त्यापुढे वर्ष व आठवडा. कर्ण्याच्या चौकटीवर २२०८३२ असा आकडा असेल तर जेन्सनने तो ८ या अंकाने संपणाऱ्या वर्षाच्या बत्तिसाव्या आठवड्यात केला. हे वर्ष १९४८, १९५८ की १९६८? नुसत्या आकड्यावरून उत्तर मिळत नाही. शतक गाळून लिहिलेल्या मित्या वाचणाऱ्या आपल्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही, आणि उपायही तोच : दुसरा स्वतंत्र पुरावा. फेंडरच्या पुष्कळ पेट्यांत नलिकांच्या जागा दाखविणारा एक कागद चिकटविलेला असतो व त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिले अक्षर वर्षाचे, ए म्हणजे १९५१; दुसरे महिन्याचे. जे-बी असा शिक्का म्हणजे १९६० चा फेब्रुवारी. कर्णा, ट्रान्सफॉर्मर, स्वरनियंत्रक व कागद यांचे संकेत जवळजवळच्या काळातले निघाले तर यंत्र एकसंध मानण्यास हरकत नाही.

मात्र येथेही सावधगिरी हवी. भागाची मिती ही यंत्राच्या मितीची अलीकडची नव्हे, पलीकडची मर्यादा सांगते. यंत्र त्यापूर्वीचे असू शकत नाही, नंतरचे कितीही असू शकते. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली, व १९६६ मध्ये बनलेले स्वरनियंत्रक इतक्या मोठ्या संख्येने खरेदी झाले की, ते पुढे कित्येक वर्षे वाद्यांत घातले जात होते. त्या आकड्यावर विसंबून ‘१९६६ चे’ म्हणून विकले गेलेले वाद्य प्रत्यक्षात त्या दशकाच्या अखेरचे असू शकते. उलटपक्षी एखादाच भाग इतरांहून दहा वर्षांनी नवा निघाला तर ती खोटेपणाची खूण नसून दुरुस्तीची मिती असते, आणि इतिहासकाराला तीही हवी असते. ज्यांना केवळ किमतीशी कर्तव्य आहे ते असा भाग काढून त्या काळचा दुसरा शोधून घालतात. मग यंत्र दिसावयास शुद्ध होते, पण १९६८ साली ते कोणी तरी दुरुस्त केले होते ही हकीकत कायमची पुसली जाते. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत भांडारकर संस्थेच्या पंडितांनी प्रक्षिप्त भाग संहितेतून काढला, पण तळटीपांत व परिशिष्टांत राखला. गिटारीच्या व्यापारात परिशिष्टाची सोय नाही.

आपल्या देशाचा या हकीकतीशी संबंध लहान आहे, तरी खरा आहे. बंगळूर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या सहकार्याने रेडिओ-नलिकांचे उत्पादन सुरू केले. हेतू देशातील रेडिओ-संचांची व ध्वनिक्षेपकांची गरज भागविण्याचा. गिटारीचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. परंतु ईएल ८४ ही फिलिप्स परिवारातील नलिका ज्याप्रमाणे रेडिओत, त्याचप्रमाणे व्हॉक्स एसी ३० या इंग्रजी गिटार-ध्वनिवर्धकातही असते. त्यामुळे बंगळूरच्या शिल्लक नलिका जुन्या साठ्याचा माल म्हणून परदेशी संग्राहकांच्या व्यवहारात येऊन पोहोचल्या आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे सांप्रतचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांची पेठ म्हणून पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या रेडिओ-कारागिरांच्या वह्या, मागणीपत्रे व दरपत्रके यांकडे साधन म्हणून पाहण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी अंगावर घेण्यासारखे आहे. ते लवकर झाले पाहिजे, कारण नलिकांचे काम हाताने केलेले कारागीर आता वृद्ध झाले आहेत.

चांगल्या कारागिरांत एक पद्धत आढळते. दुरुस्तीत काढलेले कंडेन्सर, रोधक, जुनी वीजदोरी हे सर्व ते टाकून न देता एका पिशवीत घालून ध्वनिवर्धकाच्या पेटीतच मागील बाजूस ठेवून देतात, म्हणजे यंत्र पुढे कोणाच्याही हाती गेले तरी मूळ भाग त्याबरोबर जातात. मात्र कोणता भाग कोठून काढला, केव्हा काढला व का काढला, याची चिठ्ठी त्या पिशवीत क्वचितच असते.